पट्टी

उद्यमनगरात लेथच्या दोन दुकानांवर
माझं ऑफिस. तीन खुर्च्या, एक पंखा,
आणि फरशीतून वर झिरपणारा
कटिंग ऑइलचा वास.

मार्केट यार्डातल्या आण्णाप्पा मगदुमांना
गुळाच्या सौद्याचं सॉफ्टवेअर हवं होतं.
रवे किती, वजन किती, अडत, हमाली, तोलाई,
आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी.
"एवढंच," म्हणाले, "जास्त काय नको."

पेढीवर विंडोजचं जुनं खोकं,
चिकट कीबोर्ड, स्पेसबारखाली मुंगळे.
नातीकडे पुण्याहून आणलेला मॅक.
आणि दिवाणजी मुजावरांच्या पोरानं
हौसेनं लिनक्स चढवलेला लॅपटॉप.
तीन घरं, आणि मी एकटी.

तिघांना तीनदा लिहीत बसले असते
तर पुढचे दोन हंगाम गेले असते.
म्हणून वेबच्याच मातीत साचा दाबला.
तीच बटणं, तोच हिरवा रंग,
जावास्क्रिप्टच्या त्याच ओळी,
आणि प्रत्येक घरी जाताना
पोटात लपवलेला अख्खा ब्राउझर.

पाच आठवड्यांत तिन्ही पडदे उजळले.
त्या दिवशी मी खालच्या लेथवाल्यांना
उगाचच चहा पाजला.

मग फोन.
"अगं पोरी, तुझं ते उघडाय लागलं की
खोकं नुसतं घोंघावतंय.
तवर हमाल गाडी उतरून मोकळा हुतोय."

गेले. टास्क मॅनेजर उघडला.
पट्टी सात ओळींची,
मेमरी चारशे ऐंशी एमबी.
मी स्क्रीन जरा माझ्याकडे वळवली,
त्यांना काही कळणार नव्हतं, तरी.

नात म्हणाली, छान आहे, पण
पाहुण्यासारखं बसलंय हे माझ्या मॅकवर.
मेनू जिथं हवा तिथं नाही,
आणि कुठलंही बटण दाबायला गेलं
की आधी विचार करावा लागतो.
मुजावरांचा पोरगा बोललाच नाही,
नुसती पट्टी दाखवली.
मराठीच्या जागी रिकामे चौकोन.
फॉन्टही पोटात घातला.
पोट आणखी सुटलं.

रात्री आप्पांना सांगितलं.
आप्पा पॅटर्नमेकर. चाळीस वर्षं
सागवानातून पंपांची पोटं कोरलेली.
त्यांनी पेटीतून दोन पट्ट्या काढल्या,
एक बिडाची, एक अ‍ॅल्युमिनियमची.
दोन्हींवर एक फूट लिहिलेला,
दोन्ही फूट जरा जरा खोटे.
"धातू गार होताना आकसतोय.
कुणी थोडा, कुणी जास्त.
तेवढं आधीच धरून चालायचं."

"आणि एकाच साच्यात दोन्ही ओतले तर?"

"ओततात की. घाईत मीच दिलेत तसले साचे.
मोठ्या पट्टीनं करायचं,
जास्तीचं मशीनवर खरडून काढायचं."
मग पट्ट्या पुसून परत ठेवता ठेवता,
"फक्त कीस कुणाच्या खात्यावर पडतोय
तेवढं बघायचं."

मला माझे वाचलेले महिने दिसले.
मुंगळ्यांच्या कीबोर्डमागं
कण्हणारं ते खोकंही.

मॅकसाठी मेनू वेगळा लिहिला, दोन रात्री.
पोट मात्र उतरवता येईना,
ते उतरवायचं तर मुळापासून सगळं.
ते मी केलं नाही. हेही लिहून ठेवते.
शाहूपुरीतून रॅमची एक पट्टी घेतली,
खोकं उघडलं, धूळ फुंकली,
खटकन बसवली.
बिलात तिची रक्कम लावली नाही.

आता अकरा सेकंद लागतात.
तेवढ्यात मगदूम काका जुन्या सवयीनं
कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीनं
रवे, वजन, अडत, हमाली मांडतात,
मग दोन्ही आकडे जुळवून मान हलवतात.
कधी कधी
त्यांचा आकडा आधी येतो.